बारीक वाटप

कुठून सुरुवात करू? त्या रविवारी वांगी बारा होती की चौदा, हेच मला आता खात्रीने आठवत नाही. शेवंताबाई म्हणतात बारा, माझा मुलगा म्हणतो दहा. माझ्या आठवणीवर माझाच विश्वास नाही, तर तुम्ही तरी का ठेवावा? पण फजिती झाली ती शंभर टक्के खरी. आमची अख्खी आळी साक्षीदार आहे!

मी महाडला चाळीस वर्षं कॉलेजात मराठी शिकवलं. पत्नी गेल्यापासून एकटाच राहतो. मुलगा सुहास पनवेलला. त्याचा एकच धोशा, "बाबा, तुम्हाला एकट्याने जमणार नाही. माझ्याकडे चला." घर सोडायची नुसती कल्पनाही मला नकोशी व्हायची. एकदा फोनवर मी भलतंच बोलून गेलो, "या रविवारी ये. माझ्या हातची भरली वांगी खा, आणि मग ठरव!"

फोन ठेवला आणि काय बोलून बसलो ते लक्षात आलं. अहो, मला चहा धड गाळता येत नाही!

धीर दिला शेवंताबाईंनी. त्या आमच्याकडे कामाला येतात, पोलादपूरकडच्या एका वाडीतल्या. "घाबरता कशाला सर? मी हाय ना! सांगणार मी, करणार तुम्ही."

रविवारी सकाळी त्या पिशवीभर सामान घेऊन आल्या. वांगी, दोन नारळ, कांदे, लसूण, मिरच्या, कोथिंबीर. तेवढ्यात रेशनवर तांदूळ आल्याचं कळलं. त्या निघाल्या, आणि फाटकातून ओरडून म्हणाल्या, "वांग्यांना हात लावू नका, ती मी येऊन चिरते. तुम्ही तवर बाकीच्या सगळ्याचं वाटप करून ठेवा. आणि बारीक करा हां! जाडंभरडं नको!"

वाटप?

आमची ही साताऱ्याची. तिच्या वांग्यात दाण्याचं कूट असायचं, एवढंच मला माहीत. त्यात वाटप कधी ऐकलं नव्हतं. पण असेल इकडची रीत. घरी पाहुणा जेवायला यायचा असला की आधी शेजाऱ्यापाजाऱ्यांना वाटा द्यायचा. किती सुंदर प्रथा! माझे तर डोळे पाणावले. खात्री करून घ्यावी, तर बाई कोपऱ्यावर पोचलेल्या. आणि जन्मभर मराठी शिकवलेल्या माणसाने भर रस्त्यात "वाटप म्हणजे काय हो?" असं ओरडायचं? छे!

आळीत घरं अकरा. मी अकरा पुड्या बांधल्या. प्रत्येकीत अर्धा कांदा, लसणाच्या तीन पाकळ्या, एक मिरची, नारळाचा तुकडा, कोथिंबिरीच्या दोन काड्या. वाटप बारीक करायचं होतं ना! "जाडंभरडं नको" याचा अर्थ मी लावला, की रीतसर, सभ्यपणे द्यावं. म्हणून इस्त्रीचा सदरा घातला.

पहिलं घर निवृत्त तलाठ्यांचं.

"हे काय, सर?"

"वाटप."

त्यांनी पुडी उघडली. अर्ध्या कांद्याकडे बघितलं, मग माझ्या सदऱ्याकडे. "कुठल्या वॉर्डातून उभे राहताय? आणि पक्षाने एवढंच दिलं?"

मी कसाबसा हसलो आणि पुढच्या घरी गेलो. तिथल्या काकूंनी पुडीत मिरची, लसूण, नारळ बघितला आणि दोन पावलं मागे सरकल्या.

"सर, आज अमावास्या हाय का?"

"नाही बुवा. का?"

दार बंद! शेवटची पुडी देऊन परतताना बघतो, तर काकू ती पुडी चिमट्यात धरून चौकात टाकायला निघालेल्या! मी उतारा वाटत फिरतोय, असं त्यांना वाटलं होतं! खिशातला मोबाईल वाजला तेव्हा दचकून उडालोच.

"बाबा, मी लोणेऱ्यापर्यंत आलोय. तुम्ही ठीक आहात ना? काकूंचा फोन होता. तुम्ही दारोदार लसूण वाटताय?"

"अरे, रीत आहे ती!"

पलीकडून हळू आवाजात, "घरात बसा. गॅसला हात लावू नका. मी पोचतो."

सुहास दारात आला आणि त्याच्या मागोमाग तांदळाची पिशवी घेऊन शेवंताबाई.

"झालं का वाटप, सर?"

"झालं!" मी मुलाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणालो.

"कुठं ठेवलंय?"

"अकरा घरांत."

शेवंताबाई मटकन खाली बसल्या. "अगो बाय माझे! अवो सर, वाटप म्हंजी वाटायचं! मिक्सरात! खोबरं-कांदा भाजून! ते वांग्यात भरायचं असतं. तुम्ही गावात भरलंत!"

मी सुहासकडे बघितलं. तो हसत नव्हता. "बाबा," तो म्हणाला, "तुमची बॅग कुठे आहे?"

संपलं! चाळीस वर्षांचं बिऱ्हाड अर्ध्या कांद्यापायी गेलं!

"बॅग मागनं बघा, दादा," शेवंताबाई उठल्या आणि त्याच्या हातात परात दिली. "आधी वाटप गोळा करा. भूक लागलीय ना?"

मग आम्ही बापलेक परात घेऊन दारोदार हिंडलो. दिलेला कांदा परत मागण्याइतकं लाजिरवाणं जगात काही नसेल. तलाठी म्हणाले, "काय, अर्ज बाद झाला वाटतं?" आणि तिथे सुहासला जे हसू फुटलं, ते परात खाली ठेवावी लागेपर्यंत थांबेना.

नऊ पुड्या परत मिळाल्या. वांगी दुपारी तीनला झाली. मसाला मीच वाटला, चांगला बारीक. सुहासने चार खाल्ली, बोटं चाटली आणि म्हणाला, "ठीक आहे, राहा. पण पुन्हा काही कळलं नाही तर कुणाला तरी विचारा हो!"

मी अजून इथेच आहे, आणि हल्ली सगळं विचारतो.

त्यानंतर चारेक वर्षांनी कपाट आवरताना माझा पीएच.डी.चा प्रबंध हाती लागला. त्याचा विषय तुम्हाला मी मुद्दामच सांगितला नाही. विषय होता, महाड-पोलादपूरच्या बोलीतले शब्द. घाईघाईने 'व' काढला. होता! "वाटप : ओलं खोबरं, कांदा, लसूण इत्यादी वाटून केलेला मसाला." आणि खाली माझीच तळटीप : "प्रमाण मराठीत अर्थ भिन्न. अनभिज्ञ व्यक्तीचा गोंधळ होण्याची शक्यता."