मेडनहेडहून नागपूरचा बंदोबस्त

दोन हजार सालानंतरची काही वर्षं मी इंग्लंडातल्या मेडनहेडला राहून नागपूरचा बंदोबस्त बघत असे.

माझी नेमणूक कुणी केली नव्हती. ब्रॉडबँड आलं आणि नागपूरचं वर्तमानपत्र पडद्यावर दिसू लागलं, एवढंच! ऑफिसात एका खिडकीत काम, दुसऱ्या खिडकीत नागपूर, दर दहा मिनिटांनी रिफ्रेश. बाहेर नोव्हेंबर, चारलाच अंधार. पडद्यावर डेंग्यू, साखळीचोर, सिलिंडरचा स्फोट. छातीत सारखी धडधड, झोप गायब. (बायको म्हणाली, "डॉक्टरला, आपल्या जीपीला दाखवून ये." मी म्हणालो, "जीपीला नागपूरचं काय कळतंय?")

आई तिथे एकटी. म्हणून रोज लंचच्या सुट्टीत कॉलिंग कार्डावरचा नंबर खरवडून तिला ताजा इशारा देणं आलंच!

"आई, साखळीचोर सुटलेत. फिरायला जाऊ नकोस."

"बरं बापा."

"भजनी मंडळही बंद. डास असतात."

"बरं."

"आणि कुणीही दार ठोठावलं तरी उघडायचं नाही!"

"दूधवाल्याले पण नाही?"

"परवाचा चोर दूधवाला बनूनच आला होता!"

एक दिवस आईचा फोन एंगेज. अर्ध्या तासाने पुन्हा एंगेज! पान रिफ्रेश केलं: 'एकटी वृद्धा घरात बेशुद्ध'. कुठल्या भागात, हे वाचायला मी थांबलोच नाही! शेजारच्या देशमुखकाकांच्या मोबाईलवर फोन लावला. ते धावले, दार बडवलं, आतून कुणी उघडेना.

"फोडा, काका!" मी ऑफिसच्या कँटीनमध्ये किंचाळलो. समोरचा गोरा सूप टाकून पळाला.

काकांनी चार जणं गोळा केली. धाडकन आवाज झाला आणि पाठोपाठ आईचा.

"काहून तोडलं हो माझं दार?"

काकांनी मोबाईल तिच्या हातात दिला.

"आई, तू दार का नाही उघडलंस?"

"तूच सांगितलं ना!"

"आणि फोन?"

"रिसीव्हर काढून ठेवला. बीपी वाढलं माझं. डॉक्टर म्हणे, टेन्शन घेऊ नका. तू तर रोज पाठवून राहिला!" मग ती हळूच म्हणाली, "दोन महिने झाले, उंबरठा नाही ओलांडला मी. समोरच्या कुसुमताई गेल्या, त्यांना शेवटचं पाहायलेही नाही गेले रे."

तेवढ्यात कार्डावरची मिनिटं संपली.

त्या संध्याकाळी बायकोने मला बातम्या न बघण्याची शपथ घातली. मी ती पाळली. तब्बल चार दिवस! पाचव्या दिवशी ऑफिसात चोरून पान उघडलं: 'एकट्या वृद्धेचं दार फोडून टोळकं घरात, परिसरात घबराट'. मी तसाच धावत सुटलो, कार्ड खरवडलं, आईला सावध करायला अर्धा नंबर फिरवला, आणि मग कुठे मला आठवलं की या टोळक्याचा म्होरक्या मीच!