फळा पुसला, वह्याही गेल्या

तिसऱ्या वर्षाच्या मुलांनी पाठवलेले सगळे प्रकल्प मी एका दुपारी स्वतःच्या हाताने पुसून टाकले. तेही मोठ्या समाधानाने. ‘नक्की?’ असं ऑनलाइन वर्गाच्या सॉफ्टवेअरने विचारलंही होतं. मी म्हटलं, नक्की म्हणजे काय, एकदम नक्की!

आज नातवंडं मला फोन शिकवायला बसली की मी मुद्दाम बावळट चेहरा करते. तेव्हा तो मुद्दाम करावा लागत नसे. डहाणूच्या कॉलेजात शिकवताना तास संपला की फळा पुसूनच बाहेर पडायचं, ही माझी जन्माची सवय. ऑनलाइन वर्गात ‘रीसेट’ दिसलं, तेव्हा वाटलं, हेच डस्टर. जुन्या सूचनांचा कचरा जाईल. फळा पुसला म्हणून टेबलावरच्या वह्या थोड्याच जातात?

गेल्या. दोन दिवसांत गुण द्यायचे होते. तलासरीपलीकडच्या एका मुलीने तर रेंजसाठी टेकडीवर बसून, आजीच्या नागलीच्या, म्हणजे नाचणीच्या, बियाण्यांवरचा प्रकल्प थेट त्या वर्गातच टाइप केला होता. दुसरी प्रत नाहीच.

हे सॉफ्टवेअर वापरणाऱ्यांचा एक ग्रुप होता. तिथे मी कडाडले, ‘‘तुमच्या सॉफ्टवेअरने माझा वर्ग गिळला! मालकांना बोलवा!’’

विदर्भातल्या एका सरांचं उत्तर आलं, ‘‘मॅडम, इथे मालक कुणी नाही. सगळे तुमच्यासारखेच मास्तर. रीसेट दाबलंत का?’’

‘‘चुकून लागलं असेल.’’

‘‘ते दोनदा दाबावं लागतं हो. मीही असंच चुकून दोनदा दाबलं होतं.’’

तेवढ्यात लातूरच्या एक बाई मध्ये पडल्या. ‘‘गप्पा नंतर! मॅडम, तुमचा बॅकअप कधी होतो? नवा झाला की तुमचा वर्ग असलेला जुना जाईल. आधी तो थांबवा!’’

बॅकअप रोज पाचला व्हायचा. घड्याळात सव्वाचार. सर्व्हर ज्यांच्या ताब्यात ते लॅब असिस्टंट रजेवर, आणि फोन उचलेनात. मी रिक्षा केली आणि मसोलीला त्यांची वाडी गाठली. गृहस्थ झाडावर!

‘‘या मॅडम! चिकू देऊ का?’’

‘‘चिकू राहू द्या, वर्ग द्या माझा! उतरा आधी!’’

ओटीवर लॅपटॉप उघडला. पाचला सात मिनिटं असताना बॅकअप थांबवला. मग ग्रुपवर नुसती झुंबड. कुणी म्हणे, ‘‘जुन्या वर्गावर ओतू नका, नवा उघडून त्यात आणा.’’ कुणी म्हणे, ‘‘विद्यार्थ्यांच्या माहितीसकट आणा, नाहीतर नुसते रिकामे बाक येतील.’’ मी मोठ्याने वाचत होते, ते बटणं दाबत होते, आणि त्यांची बायको हातातलं सूप तसंच धरून बघत उभी.

आलं! एकेक नाव, एकेक प्रकल्प. नागलीचाही! मी अशी किंचाळले की शेजारची माणसं कुंपणाशी धावली. ग्रुपवर लातूरच्या बाईंनी लिहिलं, ‘‘पेढे पाठवा.’’

दुसऱ्या दिवशी त्या मुलीला बोलावून मी हा सगळा पराक्रम रंगवून सांगितला आणि स्क्रीन तिच्याकडे फिरवली. प्रकल्प महिन्यापूर्वी पाठवलेला. पुढे लिहिलेलं, ‘तपासलेला नाही’. तिने ते शांतपणे वाचलं आणि म्हणाली, ‘‘मॅडम, एवढी धावपळ करून परत आणलाय, तर आता वाचा पण.’’