विरळणी

लंबूदादाच्या शेतात ज्वारी दाट उगवायची आणि दाटच राहायची. दोन ताटांत वीतभर जागा लागते, नाहीतर मुळं एकमेकांच्या तोंडचं पाणी पळवतात, हे त्याला कळत नव्हतं असं नाही. पण रोपं उपटून विरळणी करायचं काम बायकोकडे, आणि ती रोपाला हात लावत नसे.

"उगवलेलं उपटायचं कशाला? जगेल ते जगेल," एवढंच म्हणायची.

जुनं वाण होतं तोवर हे खपून गेलं. दाणा बेताचा, पण कडबा रग्गड. मग धाकट्या भावानं नवं बुटकं वाण आणलं. त्याच्या शेतात मुठीएवढी कणसं डुलू लागली. दादानं तेच बी पेरलं, पण त्या गर्दीत ताटं उजेडासाठी नुसती वर धावली आणि कणसं बोटाएवढी राहिली.

"दादा, पीक तुझ्यावर गेलंय! उंची मोप, डोक्यात दाणा नाही. वहिनीला सांग की विरळणी करायला."

"तूच सांग. मला अजून या घरात जेवायचंय."

भाऊ हसला. खरं कारण नवरा-बायकोलाच ठाऊक होतं. पहिल्या बाळंतपणात तिला जुळं झालं, आणि दूध जेमतेम एकापुरतं. सासू म्हणाली, "जोमाचं आहे त्याला पाज." दादा उंबऱ्यात उभा होता. तो काही बोलला नाही. अशक्त होती ती पोर गेली. मुलगा वाढला, आता परगावी नोकरीला असतो.

एका पेरणीनंतर ती त्या मुलाकडे गेली, तेव्हा दादा खुरपं घेऊन एकटाच शेतात बसला. कोवळी रोपं मुळासकट सहज निघत होती. 

परतल्यावर तिनं बांधावर सुकलेले ढीग पाहिले.

"तुम्ही केलंत?"

"हो."

"कुठली ठेवलीत?"



त्या साली पोती ठेवायला घर पुरलं नाही. भावानं पाठ थोपटली. ती दळत होती, रांधत होती, नवऱ्याला वाढत होती. शेताकडे मात्र फिरकली नाही. पुढच्या पेरणीला दादानं दारातून विचारलं, "येतेस ना?"

"तुम्हाला येतंय की आता सगळं," ती म्हणाली.

दादानं बियाण्याची पिशवी खांद्यावर टाकली आणि एकटाच निघाला.