काचेमागचा रिकामा रकाना

दिगंबर गेल्याचं मला आमच्या पॉलिटेक्निकच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कळलं. सकाळी दुकानाचं शटर वर करत होतो. वाचलं, आणि मनात पहिल्यांदा काय आलं ते खरं सांगतो : घे, इथंही हाच पहिला! रडू नंतर आलं, चांगलं आलं, पण आधी आलं ते हे. मग ग्रुपवर जो तो त्याच्याविषयी लिहू लागला. गाड्यांना बोलायला शिकवणारा माणूस वगैरे. पेपरच्या पुरवणीवाल्यांनी मला म्हटलं, तुम्ही जवळचे, तुम्ही लिहा. जवळचा होतो हे खरं. पस्तीस वर्षं त्याच्यावर जळलो, ते काय लांबून जळता येतं होय?

तो नातेपुत्याचा, मी सोलापूरचा. वर्गात पहिला नंबर माझा. हा माझी जर्नलं उतरवून कसाबसा वर सरकायचा. पुण्याच्या त्या वाहन तपासणीच्या नोकरीची जाहिरात पेपरात मीच पाहिली आणि मीच कापून त्याच्या हातात दिली. मला ते काम हलकं वाटलं. दुसऱ्यांच्या गाड्यांचे हॉर्न आणि दिवे तपासत कोण बसणार? मी अक्कलकोट रोड एमआयडीसीत, टॉवेलच्या कारखान्यांच्या रांगेत ऑटो इलेक्ट्रिकचं दुकान टाकलं. तो हॉर्नपासून चढत चढत थेट गाड्यांचे नियम ठरवणाऱ्या समितीवर जाऊन बसला. ती जाहिरात कापली ती कात्री अजून माझ्या दुकानात आहे. हात लावला की जीव जळतो.

समितीचं काम काय, तर हल्लीच्या गाड्या एकमेकींना निरोप देतात. पुढच्या बसनं करकचून ब्रेक दाबला की मागच्या गाडीला आपोआप कळतं. हा निरोप धाडणारा एक डबा असतो, गाडीच्या पुढच्या काचेमागे बसवलेला. तो डबा भरवशाचा आहे हे कशावरून? कुठल्या परीक्षा घ्यायच्या, कितीला पास म्हणायचं, दाखला कधी द्यायचा, हे नियम लिहिणाऱ्यांत आमचे दिगंबरराव. आणि ते पास झालेले डबे बंद पडले की येणार कुणाकडं? माझ्याकडं. तो दाखले देणार आणि मी मढी उघडून बघणार, अशी आमची वाटणी.

त्याची एक रीत होती. नियमांचा मसुदा लोकांच्या हरकतींसाठी खुला व्हायच्या आधी एक प्रत तो मला धाडायचा. कागदाच्या एकाच बाजूला छापलेली, रुंद समास सोडलेली, सुतळीनं बांधलेली. शेवटच्या पानावर हरकती लिहायच्या, सही करायची आणि तेवढंच पान परत पाठवायचं. मी एकदा विचारलं, तुझ्याकडं एवढे शिकलेले लोक आहेत, मला कशाला त्रास देतोस? तर हसून म्हणाला, "वश्या, ते आपापल्या कंपनीचं बघून वाचत्यात. तू माझ्यावर जळतोस. जळणाऱ्या माणसाइतकं बारीक कोण वाचत न्हाय."

मला वाटत होतं, आपलं जळणं झाकलेलं आहे... आणि ह्या गड्यानं त्यालाही कामाला जुंपलं होतं! त्या दिवसापासून मी मसुदे वाचणंच सोडलं. सुतळी सोडायची, शेवटचं पान काढायचं, 'हरकत नाही' लिहून सही ठोकायची आणि बाकीचा गठ्ठा पुन्हा बांधून माळ्यावर. माझ्या डोळ्यांचा त्याला फायदा होऊ द्यायचा नाही, बस्स. मेच्या उन्हात शेजारच्या टॉवेल मिलच्या बसेस माझ्या शेडबाहेर काचा लावून उभ्या असतात. दुपारी डबा तापून मरतो आणि संध्याकाळी बस निरोपाविना कामगार घेऊन रस्त्याला लागते. हे मला ठाऊक होतं. सांगितलं नाही. त्याच्या नियमाची फजिती झाली तर बरंच, असंही वाटायचं. आज लिहिताना लाज वाटते, पण वाटायचं.

शेवटचा मसुदा आला तेव्हाही मी तेच केलं. चार दिवसांनी त्याचा फोन आला. आवाज थकलेला होता, मला वाटलं कामाचा असेल. त्यानं विचारलं, "वाचलास का रं?"

"वाचला की. हरकत नाही."

तो म्हणाला, "बरं." आणि वहिनींच्या हातची कडबोळी पाठवतो म्हणाला. कडबोळी आली. त्यानंतर तीन आठवड्यांत तो गेला.

हा लेख लिहायचा म्हणून परवा माळ्यावरून तो गठ्ठा काढला. म्हटलं, त्याची एखादी ओळ तरी घालू. उष्णतेच्या चाचणीचा तक्ता होता. सगळे रकाने भरलेले, एकच रिकामा : उभी गाडी, बंद काचा, काचेमागची उष्णता. समासात पेन्सिलीनं त्याचं वाकडंतिकडं अक्षर. 'वश्या, तुज्या शेडबाहेरच्या बसचा आकडा हितं घाल. पुण्यात पंख्याखाली बसून मी लिवणार न्हाय.'

म्हणजे मी वाचलंच नाही, हे फोनवर त्याला कळलं होतं. रकाना रिकामाच ठेवून मी 'हरकत नाही' म्हटलं होतं, आणि त्यानं मला खोटं पाडलं नाही. मोठेपणातही हाच पहिला. जळलो, आतून जळलो.

काल दुपारी तापमापक घेऊन मिलच्या बसमध्ये चढलो. ड्रायव्हर म्हणाला, काका, भाजून निघाल की. काचा लावून तासभर बसलो. आकडा रकान्यात लिहिला. हरकतींची मुदत अजून आहे, समितीला पाठवणार. शेवटचं पान तर कधीच परत गेलं होतं, म्हणून त्याचा नवा फॉर्म मागवून घेतला, तर हात सवयीनं 'हरकत ना' लिहून बसला. खोडलं. मग पहिल्या पानापासून वाचायला घेतलं, बारीक, त्याला हवं होतं तसं. चौथ्या पानावर चुकलाय लेकाचा. चांगला ढळढळीत चुकलाय... आता सांगू कुणाला?