सासऱ्यांच्या फटफटीचं मागचं चाक

जगातल्या सगळ्या दुःखांचं मूळ अरुंदपणात आहे, असं छातीठोकपणे सांगणारा एकच माणूस मी पाहिला आणि माझ्या भाग्याने तो माझा सासरा निघाला. नागावात त्यांची नारळी-पोफळीची वाडी होती. अरुंद पायवाट, अरुंद खाट, अरुंद तोंडाचा तांब्या, यांतलं काहीही त्यांना खपत नसे. जेवताना ते दोन पाट जोडून बसत आणि पाहुण्यालाही तसंच बसवत. मी मुलगी पाहायला गेलो तेव्हा त्यांनी माझं शिक्षण विचारलं नाही, नोकरी विचारली नाही. पाय धुऊन मी ओटीवर चढलो, तर हे गृहस्थ मागून वाकून माझ्या ओल्या पावलांचे ठसे बोटांनी मापत होते. मग आत जाऊन सासूबाईंना म्हणाले, "पाऊल पसरट आहे. कुठं रुतायचा नाही." एवढ्यावर आमचं लग्न ठरलं. माझ्या बायकोने पुढे प्रत्येक भांडणात हे वाक्य मला ऐकवलं आहे.

दुसरं महायुद्ध संपल्यावर लष्कराचा जुना माल लिलावात निघाला, त्यात सासऱ्यांनी मुंबईहून एक फटफटी उचलली. लांबलचक, बुटकी, म्हशीसारखी भारदस्त, पाय पसरून बसायची. मचव्यातून तिला आणलं तेव्हा खलाशांनी तिचं भाडं दोन बैलांचं लावलं म्हणतात. नारळाच्या झाडाखाली ती ठेवायची नाही, कारण नारळ डोक्यात पडला तर माणूस सावरेल पण टाकी सावरायची नाही, असं त्यांचं म्हणणं. म्हणून ओटीवरचा झोपाळा काढून तिथं फटफटीची स्थापना झाली. झोपाळा सासूबाईंच्या माहेरचा होता. पुढे आठ दिवस आमटी आळणी झाली. सासऱ्यांनी ती वाखाणून खाल्ली.

गावातला प्रत्येक माणूस त्या फटफटीच्या मागे बसून आला होता. वैद्य बसले, भटजी सोवळं सावरून बसले, होळीला बाजारातला एक बोकडही बसला. बसल्या नव्हत्या फक्त सासूबाई. सासऱ्यांच्या जिवाला ती एकच खंत होती. आक्षीला मेहुणीकडे किनाऱ्या-किनाऱ्याने बायकोला घेऊन जायचं, हे त्यांचं स्वप्न. पण विषय काढला की सासूबाई म्हणायच्या, "मी ही अशी अंगाने. आणि ते मागचं चाक बघा केवढंसं. वाळूत जाईल रुतून." दुसऱ्या कोणी ही थट्टा समजून सोडून दिली असती. सासऱ्यांना मात्र आपलं आयुष्यभराचं तत्त्वज्ञान खुद्द बायकोच्या तोंडून ऐकायला मिळालं. त्यांनी विचारलं, "चाक रुंद केलं तर बसशील?" सासूबाई गाफीलपणे हो म्हणाल्या.

मग काय विचारता! अलिबागला मोडीत निघालेल्या जीपचं एक टायर त्यांनी मिळवलं. ते बसेना म्हणून मडगार्ड ठोकून फाकवलं, साखळी घासायला लागली म्हणून चाक वायसर घालून बाजूला सरकवलं, तेव्हा ते दुसऱ्या अंगाला घासायला लागलं. महिनाभर ओटीवर ठोकाठोक चालली होती आणि घरातली माणसं खाणाखुणांनी बोलत होती. शेवटी टायर बसलं, पण त्या मापाची ट्यूब काही मिळेना. सासरे वाडीवाले. त्यांनी टायरात ठासून काथ्या भरला. मी भीत भीत शंका काढली, तर म्हणाले, "जावईबापू, काथ्याचं दोरखंड वर्षानुवर्षं समुद्रात राहतं. कुजतं का?" कुजत नाही हे खरंच होतं.

तिथी बघून, भरपूर ओहोटीची सकाळ त्यांनी धरली. सगळं गाव किनाऱ्यावर जमलं. आधी एकट्याने ते पाण्याच्या कडेकडेने, लाटा उडवत लांबवर जाऊन आले. चाक तसूभरही रुतलं नाही. आनंदाने ते नुसते चाकाकडे बोट दाखवत होते. शब्द दिलेला, त्यामुळे सासूबाईंची सुटका नव्हती. पदर खोचून त्या मागे एका अंगाने बसल्या, डोळे मिटले आणि सासऱ्यांच्या खांद्यावर हात ठेवला. फटफटी गुरगुरली, जेमतेम हातभर सरकली आणि थांबली ती थांबलीच. काथ्या कुजत नाही, पण खारं पाणी पिऊन फुगतो, हे आम्ही सगळे नारळाच्या गावचे लोक विसरलो होतो. टायर टम्म फुगून मडगार्डात घट्ट बसलं होतं.

भरती लागायला आली. शेजारचा धर्मा गाडीवान बैल घेऊन धावला, त्याने पुढे दोर बांधला आणि म्हणाला, "काकी, उतरा खाली. बैलांना वजन व्हतंय." सासूबाईंनी डोळे उघडले. सगळं गाव बघत होतं. त्या शांतपणे म्हणाल्या, "नाही उतरणार. बसले ती बसले. आता घरापर्यंत ने." मग बैलांनी ओढलेली, मागचं चाक नांगरासारखं घासत नेणारी ती वरात किनाऱ्यावरून गावातून घरी आली. सासरे हॅन्डल धरून शरमेने लाल झाले होते, आणि खांद्यावरचा हात जाणवला की मधेच हसत होते. माझ्या इतक्या वर्षांच्या ओळखीत त्यांना एवढं सुखी मी कधीच पाहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी जुनं बारीक चाक परत चढलं. सासरे खाली मान घालून नटबोल्ट आवळत होते, तर सासूबाई लुगडं बदलून येऊन उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "आक्षीला जायचं ना?" पुढे दर पंधरवड्याला ती दोघं त्याच चाकावर आक्षीला जात राहिली, आणि वाळूत रुतली की दोघं उतरून ढकलत.

सासरे गेल्यावर एकदा मी सासूबाईंना विचारलं, "तुमची त्या चाकाची भीती गेली कशी?"

"चाकाची भीती कोणाला होती, जावईबापू? गावादेखत ह्यांच्या खांद्याला हात लावायचा, त्याची लाज वाटत होती. एकदा लावला आणि मग काढवेना."

"हे त्यांना कधी सांगितलंत?"

त्यांनी रिकाम्या ओटीकडे बघितलं. मग म्हणाल्या, "माझ्यासाठी महिनाभर खपून एवढं जाड चाक बसवलं त्यांनी. त्याची गरजच नव्हती, हे कोणत्या तोंडाने सांगायचं?"