बाबांची मूठ वर गेली तेव्हा

नंदूला हे ठाऊक नाही. आईला ठाऊक नव्हतं, आणि ती गेली. बाबांना तरी कळायला हवं होतं – खरं तर त्यांनाच कळायला हवं होतं – पण त्यांनाही मी सांगितलं नाही. तुम्ही पहिले. तुम्ही मला ओळखत नाही, ते बरं आहे. ओळखत असतात तर मी विषय बदलला असता.

मी रडकथा सांगत बसणारी बाई नाही. परळला आमचं गॅरेज आहे, ते मी चालवते. लग्न केलं नाही, त्याची कारणं वेगळी आणि इथे त्यांचा संबंध नाही. माझा धाकटा भाऊ नंदू गाड्यांची ताकद वाढवण्याचं काम करतो. म्हणजे साध्या गाडीला मोठा टर्बो बसवायचा, इंजिनात जास्त हवा, जास्त पेट्रोल जाईल अशी सोय करायची आणि लॅपटॉप जोडून इंजिनाचं गणित नव्याने लिहायचं. हौशी पोरं येतात. चार सिलिंडरच्या गाडीतून सहा सिलिंडरची ताकद काढून द्या म्हणतात. नंदू देतो. द्यायचा, म्हणू का? नाही, अजूनही देतो. पण कसा, ते पुढे येईल.

आधी बाबांबद्दल सांगते.

बाबा गिरणीत साचेखात्यात विणकर होते. शेकडो साचे, म्हणजे माग, एकदम चालतात त्या जागी माणसाचा आवाज म्हणजे काहीच नसतो. तिथली माणसं हातांनी बोलतात. मूठ वर – थांबव. तळहात डोळ्यांपुढून फिरवला – दिसलं का? छातीला बोट लावलं – दिसलं. मनगट झटकलं – नाही. बाबांचे कान त्या आवाजाने लवकरच अर्धे गेले, त्यामुळे घरीही हेच चालायचं. आई चुलीपाशी मूठ वर करायची, म्हणजे वाढायचं थांबवते, पुरे झालं ना. मी आणि नंदू बोलायला शिकलो त्याच सुमारास हेही शिकलो. लालबागच्या आमच्या मजल्यावर प्रत्येक दुसऱ्या घरात हीच भाषा होती, त्यामुळे त्यात काही विशेष आहे असं मला कधी वाटलं नाही.

बाबांना कशाचा गर्व नव्हता, पण एका गोष्टीचा होता. धागा तुटला की साचा बंद करायला हात किती लवकर जातो, त्यावर विणकर ओळखला जायचा. हात उशिरा गेला की कापड वाया. बाबांचा हात कधी उशिरा गेला नाही. हे ते स्वतः सांगायचे, आणि त्यांच्याबरोबरची माणसंही घरी येऊन सांगायची.

मग संप झाला. मी तेव्हा शाळेत होते. सुरुवातीला सगळे म्हणायचे, महिन्याभरात मिटेल. बाबा रोज गेटवर जायचे. नंतर नंतर जायचे बंद झाले. गिरणी त्यांच्यासाठी पुन्हा कधी उघडलीच नाही. त्यांनी काही दिवस भाजी विकली, मग परळच्या एका गॅरेजात हाताखाली राहिले, आणि वय उलटल्यावर नव्याने इंजिन शिकले. पुढे ते गॅरेज आमच्याकडे आलं. त्या गिरणीच्या जागी आता काचेची इमारत आहे. बाबांनी तिच्याकडे बघून कधी काही म्हटल्याचं मला आठवत नाही.

हे सगळं मी का सांगतेय? मुद्द्यावर यायचं टाळतेय म्हणून. येते.

गाडीची ताकद खरंच वाढली का, ते रस्त्यावर कळत नाही. त्यासाठी डायनो लागतो. जमिनीत मोठे रूळ बसवलेले असतात, गाडीची चाकं त्यांवर ठेवायची, गाडी पट्ट्यांनी करकचून बांधायची आणि जागच्या जागी पूर्ण वेगाने पळवायची. रूळ ताकद मोजतात, आकडा पडद्यावर येतो. आमच्याकडे डायनो नव्हता. अँटॉप हिलच्या बाजूला एका गोदामात होता, तिथे आम्ही गाड्या न्यायचो. पत्र्याचं छप्पर, बंद जागा, बॉनेट उघडं, टर्बोची शिट्टी – शेजारचा माणूस ओरडला तरी ऐकू येत नाही.

म्हणून बाबांनी साचेखात्यातली रीत तिथे लावली. नंदू गाडीत, त्याचं लक्ष पडद्यावर. बाबा समोर एका बाजूला, उघड्या इंजिनावर नजर ठेवून – कुठे गळतंय, कुठे धूर, कुठली पट्टी सैल. उघड्या बॉनेटमुळे नंदूला बाबा दिसत नसत. म्हणून मध्ये मी, नंदूच्या खिडकीपाशी, एक हात गाडीच्या टपावर. बाबांची मूठ वर गेली की मी टपावर थाप मारायची, की नंदूने लगेच पाय काढायचा. साधी गोष्ट. माझं काम फक्त बघायचं आणि थाप मारायचं होतं.

त्या दिवशी जितूची गाडी होती. जितू वरळी कोळीवाड्यातला, घरचा मासळीचा मोठा धंदा, जिवाला जीव देणारा पोरगा पण तोंडाळ. सोबत दोन मित्र आणले होते, आणि मी त्यांच्यासमोर दोनशे हॉर्सपॉवरच्या वर आकडा काढून दाखवते म्हटलं होतं. मी म्हटलं होतं, नंदूने नाही.

पहिल्या खेपेला बाबांनी मूठ वर केली. मी थाप मारली. पट्टी सैल होतेय असं बाबांना वाटलं होतं. बघितलं तर काही नव्हतं. दुसऱ्या खेपेला पुन्हा मूठ. पंख्याची वायर हलत होती. ती हलतेच.

जितू म्हणाला, "ताई, काकांना बाहेर चहा पाजा. गाडी पळवायला आणलीय, देवदर्शनाला नाय."

मित्र हसले. नंदूही हसला. बाबांना ऐकू आलं नव्हतं, पण सगळे हसताहेत म्हणून तेही हसले. त्या हसण्याची मला लाज वाटली. त्यांची, माझी नाही. हे सांगायला सोपं नाही, पण तसंच होतं.

तिसरी खेप. आकडा चढत होता. एकशे ऐंशी गेलं, नव्वद गेलं. आणि बाबांची मूठ वर गेली.

मला दिसली. धुरात नाही, अंधुक नाही – चक्क उजेडात, डोक्याच्या वर, हात ताठ. मी पडद्याकडे बघितलं. आकडा अजून चढत होता. मी बाबांकडे बघितलं. मूठ वरच होती. मनात म्हटलं, पुरे आता, बाबा. आणि पुन्हा पडद्याकडे बघितलं. माझा हात टपावर होता. तो उचलायचाही नव्हता, नुसता आपटायचा होता.

आकडा दोनशेच्या वर गेला. मग जाळ दिसला.

टर्बोला तेल नेणारी एक बारीक नळी असते, तिचा सांधा फाटला होता. तापून लाल झालेल्या लोखंडावर तेल पडलं. ती चूक कुणाचीच नव्हती. नळ्या फाटतात. म्हणून तर माणूस समोर उभा करायचा असतो. नंदू दार उघडून बाहेर पडला आणि पळायचं सोडून विझवायला पुढे गेला. पेटतं तेल त्याच्या उजव्या हातावर उडालं.

हॉस्पिटलच्या बाकावर बाबा माझ्याशेजारी बसले होते. आत नंदू. मग बाबांनी मूठ अर्धवट वर केली आणि तळहात डोळ्यांपुढून फिरवला. दिसलं का?

मी मनगट झटकलं. नाही.

विचार करून केलं का? नाही. पण नंतर विचार करायला वेळ होता की नाही? भरपूर होता.

बाबा स्वतःच्या हाताकडे बघत मालवणीत म्हणाले, "मगे माजो हात उशिरान उठलो असतलो."



नंदूची बोटं वाचली, पण कातडी आखडली. मूठ पूर्ण मिटत नाही. बारीक पाना त्याला धरता येत नाही. तो सांगतो आणि दुसरा कुणी फिरवतो. लॅपटॉप डाव्या हाताने. तो बाबांवर कधी ओरडला नाही. एवढंच म्हणाला, "बाबा, आता तुम्ही आराम करा. वय झालं." समजुतीने म्हणाला. मी तिथेच उभी होते, हातात चहाचा कप होता.

बाबांनी आधी डायनोवर यायचं सोडलं. मग गॅरेज. मग घरी गॅससुद्धा पेटवेनात, आईला हाक मारायचे. रस्ता ओलांडताना माझा हात धरायचे, आणि हा माणूस परळच्या नाक्यावर बसच्या आडून धावत जायचा, ते मी पाहिलेलं आहे.

संध्याकाळी गॅलरीत खुर्ची टाकून बसायचे आणि मूठ वर करायचे. एकदा. खाली. पुन्हा. हाताकडे बघायचे. उशीर होतोय का ते बघत होते. येणारे-जाणारे गंमत करायचे, "काय काका, परत संप?" बाबा हसून म्हणायचे, "होय तर. या वेळी मिटवचो नाय." सगळे हसायचे. मी आत भाजी निवडत असायचे. मला एकटीला ठाऊक होतं की तो हात वेळेवर उठला होता. उठून बाहेर जायचं, समोर उभं राहायचं आणि छातीला बोट लावायचं, दिसलं म्हणून – किती पावलं होती ती? आमची खोली केवढी?

गिरणीने बाबांचं बरंच काही नेलं. हे एक त्यांच्याकडे राहिलं होतं. ते गिरणीने नेलं नाही. ते मी नेलं.

तुम्ही म्हणाल, नंदूसाठी गप्प राहिले असेन, घर मोडू नये म्हणून. नाही. नंदू आणि मी एका गॅरेजात उभे असतो दिवसभर. तो माझ्याकडे कसा बघेल, याची मला भीती होती. बस, इतकंच.

शेवटच्या दिवसांत बाबांचा आवाज गेला होता. नंदू डाव्या हाताने त्यांना पेज भरवत होता. मी पलंगाच्या पायथ्याशी उभी होते. बाबांनी तोंड बाजूला केलं, माझ्याकडे बघितलं आणि मूठ वर केली. जेमतेम खांद्यापर्यंत आली. मग तळहात डोळ्यांपुढून फिरवला, हळू.

नंदू म्हणाला, "काय विचारतायत?" मग त्याच्याही लक्षात आलं आणि तो वाटीत बघू लागला.

बाबा वाट बघत होते. घाई नव्हती त्यांना. इतक्या वर्षांत त्यांनी हे मला दुसऱ्यांदा विचारलं होतं, आणि तिसऱ्यांदा विचारणार नव्हते, हे आम्हा दोघांनाही माहीत होतं.

त्यांची नजर अधू झाली होती, म्हणून मी हात चांगला उंच धरला, उजेडात. आणि मनगट झटकलं. बाबांना ते लगेच समजलं, पुन्हा करावं लागलं नाही.