छातीवरचा हात

भर सभेत, माइकसमोर, मी नसरीन मॅडमचा हात धरला आणि जोरजोरात हलवला. एवढं देवासच्या आमच्या शाळेत सगळ्यांना ठाऊक आहे. त्यानंतर मी जे केलं, ते कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. तुम्हाला का सांगतोय — तेही नीट कळत नाही.

मी मूळचा धारचा. शाळेत हिंदी शिकवतो आणि उरलेल्या वेळात विदूषकपणा करतो. माइक दिसला की माझ्या अंगात येतं. नसरीन मॅडम विज्ञान शिकवायच्या. त्या रुजू झाल्या त्या दिवशी मी मोठ्या थाटात हात पुढे केला. त्यांनी आपला उजवा हात छातीशी नेला, किंचित झुकल्या, हसल्या. माझा हात हवेतच. मग तोच हात तसाच पुढे नेऊन मी पोह्यांच्या बशीत घातला. सगळे हसले — त्या सर्वांत जास्त.

नंतर त्यांनी समजावलं. परक्या पुरुषाला हात लावू नये, असं त्यांच्या धर्मात सांगितलंय. त्यात समोरच्याचा अपमान नसतो, उलट दोघांचीही अदब राखली जाते. म्हटलं, मी परका कुठे, मी तर भाऊ. त्या म्हणाल्या, दिलाने भाऊच आहात भिया, पण ज्याच्याशी निकाह होऊ शकतो तो या बाबतीत परकाच. खरं सांगू? मला ते लागलं. आमच्याकडे एकदा बहीण मानली की विषय संपतो ना! ईदला त्या शीरखुर्म्याचा डबा आणायच्या, दिवाळीत आमच्याकडे फराळाला यायच्या, आणि मी सगळ्यांना सांगत सुटायचो की ही माझी बहीण. बायको एकदा म्हणालीही, "अहो, तुम्ही मानलंत. तुमचे नियम त्यांनी कुठे मानलेत?" मी तेही हसण्यावारी नेलं.

मग वार्षिक समारंभ आला. उत्तम शिक्षिकेचं बक्षीस त्यांना मिळालं. सूत्रसंचालन अर्थातच माझं. बक्षीस घेताना त्यांनी छातीवर हात ठेवला, पाहुण्यांनीही मान लववली. इतकं सोपं होतं. पण मी माइकवर म्हणालो, "भाई से तो आज हाथ मिलाना पडेगा." टाळ्या. पोरं ओरडायला लागली. त्या मानेनं नाही म्हणत होत्या, हात छातीवरच. आणि मी — तो हात तिथून ओढून घेतला.

गार होता तो हात. बोटं आखडलेली. हे मला तेव्हाच कळलं होतं, बरं का. नंतर नाही, तेव्हाच. तरी हलवत राहिलो. लोक हसत होते ना.

इथवर मूर्खपणा. तो मी चारचौघांत रंगवून सांगत आलोय.

दुसऱ्या दिवशी त्या प्राचार्यांकडे गेल्या. मागणं एवढंच — मी स्टाफसमोर चूक कबूल करावी. प्राचार्यांनी मला बोलावलं. टेबलावर समारंभाचा फोटो होता: दोन हात, आणि माझी बत्तिशी. कुणी कुणाचा हात ओढला, हे फोटोत कसं दिसणार? आणि खाली बसलेल्यांना तरी त्या गोंधळात काय दिसलं असणार? त्यांनी विचारलं, काय झालं. मॅडम समोरच बसल्या होत्या. आणि मी म्हणालो, "सर, हाथ तो मॅडम ने ही बढाया था."

त्यांनी फक्त माझ्याकडे पाहिलं.

एवढ्यावर थांबलो असतो तरी — पण नाही. घरचे रागावले म्हणून आता तक्रार करतायत, ही पुडीही स्टाफरूममध्ये मीच सोडली. ती सगळ्यांना पटली. मलाही जवळजवळ पटली. त्यांच्या शब्दाला शाळेत किंमत उरली नाही. महिनाअखेर त्यांनी राजीनामा दिला.

सामान न्यायला त्यांचे अब्बा अमझेऱ्याहून आले होते. मी फाटकाशी उभा होतो, टाळता आलं नाही. त्यांनी माझं नाव विचारलं, आणि ऐकताच माझा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला. "नसरीन आपकी बहोत बातें करती थी. परदेस में बेटी का खयाल रखा आपने." म्हणजे जे झालं त्यात घरी तिनं माझं नावच घेतलं नव्हतं. तो म्हातारा हात दाबत राहिला, आणि मी — मी हसलो.

यंदा पोरांना मांडूच्या सहलीला नेताना बस नालछ्याला चहासाठी थांबली. समोरच्या शाळेच्या फाटकातून त्या बाहेर पडत होत्या. मी छातीवर हात ठेवून झुकलो. त्यांनीही तसाच सलाम केला. बाजूला आमचे जुने दोन मास्तर ग्लास घेऊन उभे होते. त्यांना ऐकू जाईल असं मी म्हणालो, "मॅडम, उस दिन हाथ पकडा, बडी गलती हुई."

त्या हळूच म्हणाल्या, "और जो प्रिन्सिपल सर के सामने कहा था?"

दोघा मास्तरांनी वर पाहिलं.

"कौनसी बात?" मी म्हणालो.

त्यांनी ओढणी सारखी केली, पर्स खांद्याला लावली.

"डरपोक हो आप, भिया."